दिनकरच्या नावाचा गोटा

मुक्काम राजखोरा, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा
१४ मार्च १९५५

श्रीमती सुगंधाबाई चिंतावार यांना,
अनसूया निकुरेचा नमस्कार.

त्या सकाळी दिनकर आम्हां सगळ्यांना सोडून एकटा गडावर का गेला, असे आपण विचारले आहे. आपले पत्र मला चामोर्शीला मिळाले, त्याला आता बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की एखादे कारण सुचायचे, कागदावर उतरले की ते खोटे दिसायचे, आणि मी कागद फाडायची. तो का गेला ते मला ठाऊक नाही. आपल्या एकुलत्या एका मुलाबद्दल आपण विचारावे आणि मी एवढेच लिहावे, याची मला लाज वाटते. पण ठाऊक असल्यासारखे लिहिले असते, तर त्याहून जास्त वाटली असती.

आपली प्रकृती कशी आहे? गुडघ्यांना तेल चोळता का? दिनकर म्हणायचा की आई साऱ्या गल्लीला औषधे सांगते आणि स्वतः एकही घेत नाही. चांद्याला आता ऊन तापू लागले असेल. दुपारी बाहेर पडत जाऊ नका.

पत्रावरचा पत्ता पाहून आपल्याला बरे वाटले नसेल. मी पुन्हा राजखोऱ्याला आले आहे. विकासखंडाने या भागात बायकांसाठी महिनाभराचे साक्षरतेचे वर्ग काढले आहेत. इतक्या आत यायला कुणी तयार नव्हते, मी नाव दिले. माझ्या वडिलांना, आबांना, एवढेच सांगितले. ते खोटे नव्हते, पण सगळेही नव्हते. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी कुठेही निघाले की आबांना ते सरकारी कामच वाटते, आणि ते अंगणात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

आपण इथे आलात तेव्हा काही पाहण्याच्या अवस्थेत नव्हता. म्हणून गाव कसे आहे ते लिहिते. दिनकरने पाहिलेले शेवटचे गाव हेच, तेव्हा आपल्याला ते कुणीतरी सांगायला हवे.

धानोऱ्याच्या पुढे बैलगाडी सोडावी लागते. तिथून नाल्याच्या काठाने चालत यायचे. तिन्ही बाजूंना डोंगर, मध्ये ही खोलगट जागा, आणि तिच्यात तीसेक घरे. एके काळी इथे गोंड राजांचे ठाणे होते. दरवाज्याचे दोन खांब उभे आहेत आणि एक दगडी हत्ती आहे. त्याची सोंड तुटली आहे. पोरे त्याच्या पाठीवर बसून चारोळ्या फोडतात. वर गड. गडावर तळे आहे, ते वैशाखातही आटत नाही. उत्तरेकडचा कडा सरळ खाली तुटला आहे आणि त्याला मधाची मोठी काळी पोळी लोंबतात. डिसेंबरात आम्ही आलो तेव्हा हे सगळे पाहून आम्ही वेडे झालो होतो. कॉलेजातले आम्ही जुने सोबती, बी. ए. होऊन पांगलेले, बऱ्याच महिन्यांनी भेटलेले. कुणी गात होते, कुणी झाडावर चढत होते. दिनकरला गोंड राजांचा इतिहास लिहायचा होता हे आपल्याला माहीत आहेच. तो हत्तीच्या पायांशी बसून पायांवरची नक्षी काढत होता आणि सगळे त्याला माहूत म्हणून चिडवत होते.

पहिल्या दिवशी गावातला वारलू आम्हांला वर घेऊन गेला. वाट बांबूच्या दाटीतून जाते, मग मोहाची मोठी झाडे लागतात, मग खडक. दुसऱ्या दरवाज्याच्या शिळेवर काही अक्षरे आहेत. ती उतरवून घ्यायला दिनकरला वेळ पुरला नाही, कारण ऊन कलले की अस्वले तळ्यावर येतात म्हणून वारलूने आम्हांला खाली पिटाळले. मी बरेच दिवस स्वतःला समजावले की दुसऱ्या सकाळी तो ती अक्षरे पुरी करायला गेला असेल. पण त्याचे कागद आणि पेन्सिल खाली त्याच्या पिशवीतच होती.

चहाला हाका मारल्या तेव्हा तो नव्हता. वारलूला तो गडाच्या वाटेलगत, कड्याखाली सापडला. त्याला यातना झाल्या नाहीत असे वारलू म्हणतो. वारलू खोटे बोलणारा नाही, पण दयाळू आहे. म्हणून मी खात्री देत नाही.

आता ज्याकरिता हे पत्र लिहीत आहे ते लिहिते.

गावात शिरताना चिंचेखाली उभ्या दगडांची रांग लागते. इथे दगडाला गोटा म्हणतात. गावच्या शिवेत जो मरतो तो गावचा, मग तो कुठूनही आलेला असो, आणि त्याच्या नावाचा गोटा त्या रांगेत उभा राहतो. तो उभा होईपर्यंत मेलेला माणूस जिथे पडला तिथेच बसून असतो, आणि तो बसला आहे त्या वाटेने कुणी जायचे नाही. दिनकर गडाच्या वाटेवर बसला आहे, असे गाव मानते.

सध्या मोह पडतो आहे. इथल्या घरांतले धान आताच तळाला लागले आहे. यापुढे पावसाळा सरेपर्यंत मोहाची वाळवलेली फुलेच उकडून खायची. मोहाची बहुतेक झाडे गडाच्या चढावर आहेत. सकाळी वारा खाली आला की वास येतो, आणि बायका आपापल्या दारात उभ्या राहून तो घेतात. टोपली कुणी उचलत नाही. वर सगळे हरणे आणि अस्वले खात आहेत.

मी समजावून पाहिले. माणूस मेल्यावर कुठे बसत नाही, हे मी फळ्याजवळ उभी राहून सांगितले. मी जिच्या घरी उतरले आहे ती बुधरी पाटीवर ग काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुहं खरं असन बाई. पन तो तुहा मानूस हाय, तुले नाई धरनार. आमाले धरन." मग तिने ग पुसला आणि पुन्हा काढला.

गोटा घरच्यानेच उभा करायचा असतो. आईने, काकाने, भावाने, बायकोने, लेकाने. दुसऱ्याचा चालत नाही. घरच्या माणसाने अनवाणी नाल्यात उतरायचे, मनाला येईल तो गोटा उचलायचा. मेलेला राजी असला तर तो हलका होऊन वर येतो, असा समज आहे. पोचू नावाचा म्हातारा इथला भूमक, म्हणजे गावदेवाचा पुजारी. तो मला रोज विचारतो. काल म्हणाला, "त्याची माय आली, मानूस घेऊन गेली. त्याचं बसनं इथीच सोडून गेली. ते कोन नेईन?"

आपण या. प्रवास झेपत नसेल तर दिनकरच्या काकांना पाठवा. नदीपासून पुढे बैलगाडीची मी सोय करीन. आपला यावर विश्वास नसेल, माझाही नाही. पण ही माणसे उपाशी राहतील, आणि दिनकरच्या नावाने राहतील. त्याला ते आवडले नसते, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
अनसूया सोमाजी निकुरे


राजखोरा
२७ मार्च १९५५

श्रीमती सुगंधाबाई यांना,
अनसूयेचा नमस्कार.

पाडवा झाला. आपल्याकडे यंदा सण नसेल, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

वारलू धानोऱ्याच्या बाजाराहून डाक घेऊन आला. आपले पत्र असेल म्हणून मी नाल्यापर्यंत सामोरी गेले होते. पत्र गुणवंतराव काकांचे होते. ते लिहितात की दिनकरचे सर्व विधी मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी यथासांग झाले आहेत, त्याला आणखी दगडाधोंड्यांची गरज नाही. जंगली लोकांना बोकड आणि दारू हवी असते, शिकलेल्या मुलीने त्यांच्या नादी लागू नये. शेवटी लिहितात, "आपला आमच्या घराशी काय संबंध आहे हे आम्हांस उमजत नाही. तरी यापुढे पत्र पाठवू नये."

काका वडील माणूस आहेत आणि दुःखात आहेत, म्हणून मी त्यांना उत्तर देत नाही. पण इथे कुणी बोकड मागितलेला नाही. कुणी काहीच मागितलेले नाही. एक माणूस मागितला आहे.

हे पत्र आपल्या हातीच पडावे अशी इच्छा आहे. काकांनी विचारले ते विचारायचा त्यांना अधिकार आहे, आणि मागच्या पत्रात मी ते टाळले. मी गावाचे वर्णन केले, हत्तीचे केले, मोहाचे केले. ते सारे खरे आहे. पण त्या दिवशी वर तळ्यापाशी काय झाले ते मी लिहिले नाही.

बाकीचे सोबती वारलूबरोबर कड्यावरची पोळी बघायला गेले होते. मी पाय दुखतात म्हणून बसले. दिनकरही बसला. त्याचे पाय दुखत नव्हते. तो पाण्यात खडे टाकत होता आणि प्रत्येक खडा टाकल्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी हसले. मग तो म्हणाला, "तू हसू नकोस, मी नीट विचारतो आहे. माझ्याशी लग्न करशील का?" आमच्यांत त्याआधी असे काही बोलणे झाले नव्हते. पण होईल हे दोघांनाही कळत होते. बी. ए.च्या शेवटच्या वर्षापासून कळत होते.

मी म्हटले, उद्या सांगते.

आपण विचाराल, उद्या का? मला विचार करायचा होता, पण त्याच्याबद्दल नव्हे. माझ्या पाठीवर दोन बहिणी आहेत, दोघी शाळेत जातात. आबांनी मला नागपूरला ठेवले तेव्हा आमच्या भावकीने त्यांच्याशी बोलणे टाकले होते. मुलगी शिकली की हाताबाहेर जाते, असे ते म्हणायचे. मी परजातीत लग्न केले असते तर ते म्हणाले असते, बघ, आम्ही सांगत नव्हतो? मग आबा धाकट्यांना शाळेतून काढतील, की मान खाली घालून का होईना जाऊ देतील, याचा मला अंदाज घ्यायचा होता. मला आबा चांगले माहीत आहेत. तरी एक दिवस हवा होता.

दिनकरने मान हलवली. रागावला नाही. खाली उतरताना तो सगळ्यांत पुढे होता आणि शीळ घालत होता. मला काय सांगायचे ते सकाळपर्यंत ठरले होते.

तर, तो वर का गेला हे मला माहीत नाही असे मी लिहिले, ते आजही तसेच आहे. आनंदाने गेला की माझ्या उत्तराच्या धास्तीने, की नुसता सूर्य उगवताना पाहायला, हे मला कळण्याला मार्ग नाही. यातले एखादे मी आपल्याला दिले असते तर आपल्याला धरायला काही मिळाले असते. पण ते मी रचलेले असते.

इथली स्थिती वाईट होत चालली आहे. वर्गाला बायका येत नाहीत. उपाशीपोटी अक्षरे कुणाला हवीत? बुधरीने परवा नाल्याच्या अलीकडे, गावच्या हद्दीतल्या दोनचार झाडांखाली मोह वेचला. त्यावरून तिचे आणि जावेचे भांडण झाले, कारण ती झाडे जावेच्या वाटणीची. इथे जमिनीपेक्षा मोहाच्या झाडांची वाटणी जास्त कडक असते. जाऊ म्हणाली, "शहरातल्या पोराईले कोनं बलावलं होतं इथी मराले?" आणि मग मी ओसरीवर आहे हे पाहून गप्प झाली. मला ती गप्प झालेली जास्त लागली.

पोचूशी मी आज बराच वेळ बोलले. आई आजारी आहे, येऊ शकत नाही, असे सांगितले. ते खोटे आहे की खरे हे मला माहीत नाही. त्याने विचार केला. मग म्हणाला की आईने आपल्या हाताने मुलाचे एखादे वस्त्र पाठवले, तरी आई आल्यासारखे धरू आणि गाव गोटा उभा करील. त्याने त्याच्या जन्मात असे एकदाच केले आहे, तुरुंगात असलेल्या एका बापासाठी.

दिनकरचा एखादा सदरा पाठवा. जुना चालेल. तो निळा रेघांचा असेल तर बरे, पण तो आपल्याला ठेवावासा वाटत असेल. कापडात गुंडाळून माझ्या नावे धानोऱ्याच्या पोस्टात पाठवा. सोबत पत्र नसले तरी चालेल. काकांना कळू द्यायचे नसेल तर पाठवणाऱ्याचे नावही घालू नका. पुढच्या बाजारापर्यंत वाट पाहते.

आपली,
अनसूया


राजखोरा
४ एप्रिल १९५५

या पत्राला काय मायना लिहावा ते सुचले नाही, म्हणून वरची जागा कोरी सोडली आहे.

बाजार झाला. वारलू आला. डाक नव्हती. मी त्याला पिशवी झाडून दाखवायला लावली, आणि मग मला त्याची क्षमा मागावी लागली.

तुम्ही पाठवला नाही याचा मला राग नाही. मुलाचा सदरा परक्या पोरीच्या सांगण्यावरून जंगलात पाठवायचा, हे कुठली आई करील? मी तुमच्या जागी असते तर केले नसते. तुम्ही तो हातात घेऊन बसला असाल आणि परत पेटीत ठेवला असेल, असे मला सारखे दिसते. तसे नसेलही.

शुक्रवारी बुधरीची सासू अंगणात पडली. म्हातारी आहे, पण आजारी नव्हती. आपल्या वाटचे नातवंडांना देत होती. बुधरी तिला पेज पाजत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. घरात तेवढीच पेज होती. मी माझ्या शिध्यातले तांदूळ काढून दिले. ते किती घरांना पुरणार?

काल सकाळी मी पोचूकडे गेले. तो दोर वळत बसला होता. मी म्हटले, गोटा मी उभा करते.

त्याने दोर खाली ठेवला नाही. "तू कोन त्याची?"

मी येताना वाटेत बरेच काही जुळवले होते. वर्गाची बाई, सोबतीण, त्याच्या आईची निरोपी. तीन महिन्यांपूर्वी मी यातले एखादे निवडले असते आणि ते खरे आहे याचे मला समाधान वाटले असते. पोचूच्या सुनेने दारातून डोके बाहेर काढले होते. आत कुणाचे तरी दळणे थांबले.

मी म्हटले, "बायको."

"मंग इतके दिवस काऊन नाई बोलली?"

"त्याने विचारले होते. मी उद्या सांगते म्हटले. सांगायचे राहून गेले."

म्हाताऱ्याने दोर खाली ठेवला. मला वाटले, हे लग्न नव्हे असे तो म्हणेल. मी तरी काय उत्तर देणार होते? तसे पाहिले तर ते नव्हतेच. पण इथे दोघांनी एकमेकांना विचारून होकार दिला की घरोबा झाला असे धरतात, बाकीचे जेवणखाण सवडीने होते, कधी पोरे झाल्यावर होते. पोचूने सुनेला हाक मारली आणि गावात सांगायला पाठवले. एवढेच.

म्हणजे, आई, मी दिनकरला काल होकार दिला.

दुपारी गाव नाल्यावर जमला. मी चपला काठावर काढल्या. पाणी घोट्याएवढे, खाली सगळे गुळगुळीत दगड. कुठला उचलायचा? मनाला येईल तो, असे म्हणतात, पण माझ्या मनाला काहीच येत नव्हते. बायका काठावर बसून आपसांत बोलत होत्या. कुणीतरी म्हणाले की शिकलेली हाय, पयले वाचून पाहीन. त्यावर हसू झाले. मलाही हसू आले आणि त्याच वेळी समोर एक लांबट, तांबूस दगड दिसला. तो धरला.

तो हलका झाला नाही. मी जसे झाले तसे लिहीत आहे. गुडघ्यांत वाकून, दोन्ही हात खाली घालून मी तो कसाबसा पोटाशी आणला. एकदा तो निसटून माझ्या पायाच्या बोटावर आला, नख काळे पडले आहे.

पोचूने काठावरून विचारले, "हलका हाय?"

हो म्हणायला काय लागत होते? सगळ्यांनी टोपल्या उचलल्या असत्या. पण सकाळीच एक शब्द बोलून बसले होते. तो खरा राहायचा असेल तर त्याला लागून दुसरा खोटा बोलता येणार नव्हता. मी म्हटले, "नाही. जड आहे."

पोचू म्हणाला, "मंग तो राजी नाई. ठेव खाली."

मी म्हटले, "राजी नसेल. मी एक दिवस उशीर केला, त्याला राग असेल. असू दे. मी नेते."

आणि मी तो घेऊन काठ चढू लागले. कुणी हात लावला नाही, लावायचा नसतो. चढावर मी दोनदा बसले. गोटा मांडीवर होता, खाली ठेवला नाही. माझ्या मागे पोचू काठी टेकत येत होता. तो कुणाशी तरी बोलला ते मला ऐकू आले. "नवरा रागावला हाय म्हन्ते अन् सोडतबी नाई. बायकोच असन." मग एक म्हातारी मोठ्याने म्हणाली की तिच्या नवऱ्याचा गोटाही मेला जडच होता, तिनेच तेव्हा तोंड उघडले नाही. तिला सगळ्यांनी गप्प केले. पण त्यानंतर मला कुणी थांबवले नाही.

चिंचेखाली वारलूने खड्डा खणून ठेवला होता. दगड उभा करायचा तेवढा मी केला, माती त्यांनी लोटली. पोचूने गोंडीत काही म्हटले, त्यातले मला फक्त दिनकरचे नाव कळले. ते तो दिनकार असे म्हणतो. नंतर सगळ्यांनी मिळून अंबाडीची भाजी आणि थोडा भात खाल्ला. गोटा फारसा उंच नाही. माझ्या कमरेला लागतो. शेजारी एका बाईचा आहे, तिला वाघाने नेले होते.

बुधरीने मला तेल लावून दिले, बोटाला आणि हातांना. ती म्हणाली, "आता तू मोकळी झाली. मन आलं तं दुसरं घर कर, इथी कोनी काई म्हननार नाई." इथे हीच रीत आहे. गोटा उभा केला की बायकोचे देणे फिटले. मी तिला सांगितले की आमच्याकडे उलटे आहे. आमच्याकडे आजपासून ते सुरू झाले. तिला हे पटले नाही. मलाही ते पूर्ण पटते असे नाही. पण त्याचा विचार करायला आता पुष्कळ वेळ आहे, आणि तो मला कुणाकडे मागायचा नाही.

आज पहाटे बायका गडाच्या चढावर गेल्या. बुधरी सगळ्यांत पुढे होती, जावेच्याही पुढे. मी पाय दुखतो म्हणून गेले नाही. ओसरीवर बसून मी दोन पत्रे लिहिली. पहिले आबांना लिहिले. तुम्ही माझ्यासाठी पाहिलेल्या ब्रह्मपुरीच्या स्थळाला नकार कळवा, मी दिनकर चिंतावारांची विधवा आहे, असे लिहिले. भावकीत जे सांगायचे ते माझ्या नावावर सांगा, पण लहानींना शाळेतून काढू नका, असेही लिहिले. आबांना पत्र वाचून दाखवायला त्यांच्यातलीच धाकटी बसेल. तिचा आवाज कसा लागेल ते मला ऐकू येते. आबा काय करतील, मला सांगता येत नाही. डिसेंबरात यासाठीच मी एक दिवस मागितला होता, आणि इतके दिवस मिळाले तरी ते मला कळलेले नाही.

दुसरे पत्र हे.

तुम्हांला विचारल्याशिवाय मी हे केले. तुमच्या घरावर, नावावर, कशावरही माझा हक्क नाही आणि मी तो सांगायला येणार नाही. काकांना हे पत्र दाखवायचे की जाळायचे, ते तुम्ही ठरवा. तुम्ही मला ओळखत नाही म्हटले तरी मी कुणाला वेगळे सांगणार नाही. फक्त इथे, या तीस घरांत, आणि आता चामोर्शीत, ते बोलले गेले आहे. वारलू धानोऱ्याला निघाला आहे आणि आबांचे पत्र त्याच्या पिशवीत पडले आहे. तो यासाठी थांबला आहे, म्हणून आवरते.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची सून,
अनसूया दिनकर चिंतावार